फुटपट्टीनं सरकवलेली इंग्रजी

माझ्याकडं इंग्रजी आली ती फुटपट्टीच्या टोकावरनं.

ही उपमा नाही. कवितेत खपवायला शोधलेली प्रतिमा तर नाहीच नाही. खरी फुटपट्टी. लाकडी, बारा इंची, एका कडेला शाईचे डाग पडलेली. १९८५ साली मी पाचवीत होतो. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची. पहिलीपासून ती २००० साली आली. सरांनी वर्गाच्या जोड्या लावल्या. एक हुशार, एक कच्चा. हुशारानं कच्च्याला इंग्रजीत मदत करायची. आता हुशार कोण आणि कच्चा कोण हे सरांनी कसं ठरवलं? इंग्रजी तर सगळ्यांनाच कोरी होती. एबीसीडी अजून फळ्यावर पुरी उतरली नव्हती. परीक्षा व्हायची होती. तरी सरांना कळलं होतं. हजेरीपट वाचला की कळतंच. आडनावं काय उगीच असतात?

माझी जोडी पेढेवाल्याच्या पोराशी. त्यांच्या भट्टीला माझा बा लाकडं फोडून द्यायचा. पोरगा बाकाच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला. मधी एका पोराची जागा मोकळी. तो आपल्या वहीत इंग्रजी वाक्यं लिहायचा आणि वही फुटपट्टीनं माझ्याकडं ढकलायचा. मी उतरून घ्यायचो. झालं की तो फुटपट्टीच्या टोकानं वही ओढून घ्यायचा. हात हाताला लागायची बातच नाही. अस्पृश्यता घटनेनं रद्द करून तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. घटनेला फुटपट्टी ठाऊक नव्हती.

पोरगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांचं पोर वाईट कसलं असतंय? फुटपट्टी त्याच्या हातात घरातनं आली होती, आणि वर्गानं ती काढून घेतली नाही. एवढंच. मी मात्र वर्षभर उतरत राहिलो. काय उतरतोय ते कळत नव्हतं. चित्र काढल्यासारखी अक्षरं काढायचो. अक्षर सुरेख झालं, इंग्रजी शून्य. वर्षाच्या शेवटी गॅदरिंगला त्याला स्टेजवर बोलावून कंपासपेटी दिली. 'मागास विद्यार्थ्यास मदत केल्याबद्दल.' मलाही स्टेजवर उभं केलं. बक्षीस घ्यायला नाही. पुरावा म्हणून.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

०

हे गाव म्हणजे नृसिंहवाडी. तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. तुम्ही मुंबई-पुण्याची पोरं. तुमच्यापर्यंत वाडी आली असेल ती प्रसादाच्या पुडीतनं. दत्ताच्या पादुका, औदुंबर, कृष्णा-पंचगंगेचा संगम, पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी. पावसाळ्यात नदी चढते. पाणी देवळात उत्तरेकडनं शिरतं, पादुकांवरनं जातं आणि दक्षिण दारातनं बाहेर पडतं. त्याला म्हणतात दक्षिणद्वार सोहळा. लांबलांबनं माणसं येतात, त्या पाण्यात बुडी मारतात, पुण्य घेऊन जातात. तेच पाणी आणखी चार हात चढून आमच्या वस्तीत शिरतं, चूल विझवतं, भिंत पाडतं, शेरडं नेतं. त्याला सोहळा म्हणत नाहीत. पाणी एकच. नावं ठेवणारा वेगळा.

मदतीचंही तसंच आहे. वर्गात एका पोरानं दुसऱ्याला काही सांगितलं, तर त्याला काय म्हणायचं हे सांगणाऱ्याची जात बघून ठरतं. हेच मला या लेखात म्हणायचंय. बाकीचं ज्याला पटेल त्यानं घ्यावं.

आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक कानडी पोरगा होता. शिरोळ तालुका हद्दीवरचा. पलीकडं कर्नाटक. कैक घरांत चूल कानडीत पेटते आणि सात-बारा मराठीत लिहिला जातो. ह्याच्या घरात कानडी, शाळेत मराठी. सर भूगोल शिकवायला लागले की हा खिडकीबाहेर बघायचा. काही विचारलं की एकच उत्तर – गोत्तिल्ला. माहीत नाही. सगळा वर्ग हसायचा. त्याचं नावच गोत्तिल्ला पडलं.

माझी आज्जी हद्दीपलीकडची. तिच्या मांडीवर मी कानडी शिकलो होतो. शिकलो म्हणजे काय, ती शिव्या कानडीत द्यायची. तर मी त्याला सांगायला लागलो. काळी माती म्हणजे करी मण्णु. वजाबाकी कशी, हातचा कसा घ्यायचा, निबंधात 'माझी शाळा' म्हणजे नक्की काय लिहायचं. दोन वर्षं मी त्याला अख्खा अभ्यासक्रम कानडीत करून दिला. पोरगा पास झाला. मला कुणी कंपासपेटी दिली नाही. सरांनी एकदा कान पिळला. वर्गात बडबड करतोस म्हणून.

बघा, पेढेवाल्याच्या पोरानं न बोलता वही ढकलली, ती मदत. मी तोंडानं शिकवलं, ती बडबड.

(२०२५ साली सरकारनं पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा आदेश काढला आणि आरडाओरडा झाल्यावर जूनअखेर मागं घेतला. दोन्हीकडची भाषणं मी ऐकली. मराठीच्या अभिमानाची ऐकली, देशाच्या एकीची ऐकली. मागच्या बाकावरचं गोत्तिल्ला त्यात कुठंच नव्हतं. बांधावर राहणाऱ्या पोराला भाषा किती आणि कुठल्या, हे कुणी विचारायचं?)

०

पण खरी गंमत पुढं झाली. गोत्तिल्लानं मला इंग्रजी शिकवली. म्हणजे त्याला येत नव्हती, मलाही येत नव्हती. दोन न येणाऱ्यांनी मिळून ती सोलली.

मी शब्दाच्या पुढं ई लावायचो. ईस्कूल, ईस्टेशन, ईस्पेलिंग. तो शब्दाच्या मागं उ लावायचा. बुक्कु, पेन्नु, बस्सु. कानडीत शब्द व्यंजनावर लटकत ठेवत नाहीत, त्याला शेपूट लागतं. मी त्याचं शेपूट धरायचो, तो माझं डोकं धरायचा. ई काढ म्हणायचा. मी म्हणायचो, तू उ काढ. असं करत करत मधला शब्द नागडा उरायचा. ती इंग्रजी.

मग वाक्यं. आमच्या असं ध्यानात आलं की कानडीतनं मराठीत येताना शब्दाच्या जागी शब्द ठेवला की बहुतेक वाक्य उभं राहतं. आई भाकरी भाजती. कानडीतही आधी आई, मग भाकरी, शेवटी भाजणं. दोन्ही भाषा एका पंगतीला बसणाऱ्या. इंग्रजी तशी नाही. तिच्यात भाजणं मधी घुसतं. आई भाजती भाकरी. क्रियापद मधी, हा केवढा मोठा शोध होता तुम्हाला काय सांगू! नदीच्या घाटावर आम्ही त्या दिवशी नाचलो. सर कधी बोलले नव्हते हे. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांना त्यात अडखळून किती वर्षं झाली असतील? ते ठेच विसरले होते. आमच्या अंगठ्यातनं रक्त अजून येत होतं. नदीचा उतार दाखवायला काल पार झालेला माणूस लागतो. पाण्यात खड्डा कुठं आहे हे त्यालाच आठवतं.

एकदा पुस्तकात सुरीचा शब्द आला. के-एन-आय-एफ-ई. मी क्नाईफ वाचलं. गाईडात बघितलं तर नाईफ. मी म्हटलं, मग हा के इथं कशाला बसलाय? गोत्तिल्ला म्हणाला, "आपल्यासारका गा. हजेरीत नाव हाय, तोंड उगडायचं न्हाई."

इंग्रजीतले मुके वर्ण मी तेव्हापासून कधी चुकलो नाही.

०

आता समाजमंदिर. वस्तीत एकच पक्की खोली. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी शाहू महाराज. एक बल्ब. इंग्रजीचं गाईड एक, पोरं अकरा. आठवीचं वर्ष, म्हणजे १९८८. गाईड एकाच्या हातात गेलं की दहाजण तोंडं बघत बसायचे. मग मारामाऱ्या. शेवटी एका थोरल्या पोरीनं वैतागून गाईडाची शिवण उसवली. धडे सुटे केले. ज्याच्या वाट्याला जो धडा येईल तो त्यानं पाठ नव्हे, पक्का करायचा आणि रविवारी बाकीच्या दहाजणांना सांगायचा. त्यालाच काय ते ठाऊक. दुसरीकडं तो धडा कुणाकडं नाही. त्यामुळं त्याला हसायची सोय नाही. हसलात तर तुमचा धडा बुडाला.

आमच्यात एक तोतरा होता. त्याच्या वाट्याला नेमका लांबडा धडा आला. सुरुवातीला पोरं वैतागली. पण परीक्षा डोक्यावर. मग आपोआप सगळी गप बसून ऐकायला शिकली. तो अडला की कुणी पुढचा शब्द पुढं करायचं नाही, नुसता प्रश्न विचारायचा. तो उत्तर द्यायच्या नादात बोलून जायचा.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की हेच एका गोऱ्या प्रोफेसरानं केलंय आणि त्याला नाव आहे. १९७१ साल, अमेरिकेतलं टेक्सास राज्य, ऑस्टिन शहर. काळ्या, गोऱ्या आणि मेक्सिकन घरांतल्या पोरांच्या वेगळाल्या शाळा मोडून त्यांना एका वर्गात बसवलं होतं. वर्गात हाणामाऱ्या. तेव्हा एलियट ॲरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं वर्गाचे छोटे छोटे गट पाडले, धड्याचे तुकडे केले आणि एकेकाला एकेक तुकडा दिला. एक पोरगा मेक्सिकन घरातला, इंग्रजी त्याची दुसरी भाषा. तो आपला तुकडा सांगताना अडखळला. बाकीची चिडवायला लागली. देखरेखीला जे माणूस होतं त्यानं दटावलं नाही की समतेवर प्रवचन झोडलं नाही. एवढंच बजावलं की याच्याकडं आहे ते तुमच्याकडं नाही आणि परीक्षा तर होणार आहे. चिडवणारी पोरं प्रश्न विचारायला लागली. हळूहळू त्यांना कळलं की हा ढ नाही. त्याला विचारायचं कसं हे आपल्याला येत नव्हतं. ॲरन्सनची पोरंही आमच्यासारखी परीक्षेला भिऊनच शहाणी झाली होती. या पद्धतीला जिगसॉ म्हणतात. कापलेल्या चित्राचे तुकडे जुळवायचा खेळ असतो, त्यावरनं. आमच्याकडं नाव नव्हतं. गाईड फाडल्याबद्दल त्या पोरीला मात्र घरी मार बसला.

फ्रेडरिक डग्लस गुलाम होता. बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या गोऱ्या गरीब पोरांकडनं तो वाचायला शिकला. मालकाच्या घरातला पाव खिशात घालून न्यायचा. उपाशी गोऱ्या पोराला पाव द्यायचा, त्याच्याकडनं अक्षर घ्यायचा. १८४५ साली छापलेल्या आत्मचरित्रात त्यानंच लिहून ठेवलंय. मला त्यातला पाव महत्त्वाचा वाटतो. पाव नसता तर ती दया झाली असती. मी गोत्तिल्लाला मराठी दिली, त्यानं मला कान दिला. तोतऱ्यानं आम्हाला धडा दिला, आम्ही त्याला गप्प बसणं दिलं. पेढेवाल्याच्या पोराला माझ्याकडनं काय मिळालं? कंपासपेटी. पण ती मी दिली नव्हती. माझ्याकडनं काही घ्यायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नाही. त्या बिचाऱ्याचंही नुकसानच झालं म्हणा की.

०

वर्गमित्रांच्या मदतीचा आपल्या इतिहासातला दाखला द्यायचा तर तो काय आहे? बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं. फळ्यामागं पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले. वर्गमित्र तीरासारखे धावले. मदतीला नव्हे. डबे उचलायला. बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेला प्रसंग आहे, तुम्हाला ठाऊक आहे. त्याच माणसानं पुढं इंग्रजीत असं लिहिलं की कोलंबियानं आणि लंडननं मान डोलावली. इंग्रजी त्यांना वर्गानं दिली नाही. वर्गाच्या नाकावर टिच्चून घेतली. सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'त इंग्रजीला आई म्हटलं, ते काही साहेबाचे पाय चाटायला नव्हे. मराठीची दारं ज्यांनी आतून कडी लावून बंद ठेवली होती त्यांच्या डोक्यावरनं ही भाषा आली, म्हणून.

शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. एका बाकावर बसवलं. बाकावरची मधली जागा मोकळी करायची नाही, हा हुकूम राजाला काढता येत नाही. तो पोरांनीच मोडायचा असतो.

मग मी इंग्रजीच्या आरत्या ओवाळायच्या काय? उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यात, बांका गावात, २०१० साली चंद्रभान प्रसाद यांनी इंग्रजीदेवीच्या देवळाचं काम हाती घेतलं. त्यांची तळमळ मला कळते. पण मी वाडीचा माणूस. आमच्याकडं देवाची कमतरता कधीच नव्हती. देव आला की पुजारी येतो, पुजारी आला की गाभाऱ्याचा उंबरा येतो, आणि उंबऱ्याबाहेर कोण उभं राहतं हे मला कुणी सांगायची गरज नाही. इंग्रजीचं देऊळ नको. इंग्रजीचा पाणवठा पाहिजे. सगळ्यांचे हात बुडतील असा.

आणि सरकारलाही एक सांगून ठेवतो. पोरांनी पोरांना शिकवायचं म्हटलं की सरकारचे डोळे चमकतात. फुकटचे मास्तर! ही युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल नावाचा पाद्री होता. मलबारी शाळेतली पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं बघितली. मोठ्या पोरांना लहानांवर मास्तर नेमलं आणि १७९७ साली लंडनला त्याचं पुस्तक छापलं. पुढं जोसेफ लँकेस्टरनं तीच तऱ्हा लंडनच्या गरिबांच्या शाळेत चालवली. एक मास्तर, शेकडो पोरं. विलायतेतल्या मालकवर्गाला ही पद्धत फार आवडली. का? स्वस्त म्हणून. गरिबाच्या पोराला गरिबाच्या पोरानं शिकवावं, पगार वाचावा. श्रीमंतांनी आपली पोरं तिकडं पाठवली नाहीत.

आज जिल्हा परिषदेच्या शाळांत 'विषयमित्र' हा शब्द चालतो. एखाद्या विषयात पुढं असलेलं पोर त्या विषयाचा मित्र, त्यानं बाकीच्यांना सांगायचं. शब्द चांगला आहे, आमच्या समाजमंदिरातला आहे. जिथं गुरुजी जिवंत आहेत, वर्गात आहेत, पोरांत बसून ऐकताहेत, तिथं तो सोन्यासारखा आहे. पण जागा रिकामी ठेवून, एका गुरुजीच्या गळ्यात चार वर्ग बांधून, वर मतदारयाद्या आणि खिचडीचा हिशोब लादून जर कुणी विषयमित्राचं कौतुक करत असेल, तर तो लँकेस्टरचा नातू समजायचा. २०२३ साली सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिसळून समूह शाळा करायचा बेत काढला होता. वीसपेक्षा कमी पट कुठल्या वस्त्यांचा असतो? तांडा, वाडी, पाडा. म्हणजे आधी शाळा लांब न्यायची आणि मग पोरांनी एकमेकांना मदत करावी म्हणून सुविचार लिहायचा. आम्ही एकमेकांना शिकवू. तो आमचा धर्म आहे म्हणा. पण मास्तरचा पगार वाचवायला नाही शिकवणार.

०

ऑगस्ट २०१९. कृष्णा-पंचगंगेनं शिरोळ तालुका गिळला होता. मुंबईहून आपल्या पोरांनी टेम्पो भरला, मीही चढलो. हायवे बंद होता, पाणी ओसरायची वाट बघत थांबलो, मग पोचलो. एका शाळेत पूरग्रस्तांची छावणी. वर्गावर्गातनं संसार. पोरांची दप्तरं वाहून गेलेली. वही नाही, पुस्तक नाही, पेन्सिलही नाही.

तिथं सातवीतली एक पोरगी बसली होती. तिच्यापुढं आठ-दहा पोरं आणि मदतीच्या मालाची वेष्टनं. बिस्किटाचे पुडे, साबणाची कागदं, औषधांच्या पट्ट्या, पाण्याच्या बाटल्या. सगळं इंग्रजीत. ती एकेक कागद उचलायची आणि विचारायची, हे काय लिवलंय? तिच्या शेजारी एक इंग्लिश मीडियमचा पोरगा. चांगल्या बागायतदाराचा, पण पुरानं त्यालाही त्याच सतरंजीवर आणून बसवलेलं. तो घडाघडा वाचायचा, अर्थ मात्र कळायचा नाही. ही अडखळत वाचायची, पण हिला अर्थ लागायचा. दोघांची मिळून एक इंग्रजी होत होती. मला गोत्तिल्ला आठवला.

एका पुड्यावर नॉट फॉर सेल छापलं होतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय गं लिवलंय? ती म्हणाली, आजोबा, इकायचं न्हाई असं लिवलंय. म्हातारा म्हणाला, "मग आमच्या पाठीवर बी छापा की त्ये. इलेक्शनला उपेगी पडंल."

मी हसत होतो तेवढ्यात त्या पोरानं दुधाच्या पावडरीचा पुडा उचलला. वाचला – एक्सपायरी. मग तारीख. पोरगी म्हणाली, थांब, परत वाच. मग बायकांकडं वळून ओरडली, "मावशे, ही पावडर बाळाला देऊ नकासा. हिची तारीक सरलीया." तीन बायकांनी पुडे फोडले होते. एकीनं पाणी उकळत ठेवलं होतं.

तो पुडा आमच्या टेम्पोतला होता. इंग्रजी येणाऱ्या बाराजणांनी तो माल भरला होता. मी त्यातला एक.

०

आता तुमच्याकडं वळतो. आणि माझ्याकडंही.

आपल्यातली एक पिढी इंग्रजी शिकली. बँकेत, सचिवालयात, कॉलेजात, आयटीत गेली. चांगलं झालं. पण आपल्या हातातही फुटपट्टी आली की नाही? वस्तीत पाटी लागते, इंग्लिश स्पीकिंग, तीन महिन्यांत फाडफाड. फी भरा. आपलाच पोरगा चालवतो. जयंतीला वह्या वाटतो, वही पुढं करताना फोटो काढतो. वही पुढं सरकते, हात सरकत नाही.

१९९६ साली मुंबईत चळवळीची एक बैठक होती. नवी पोरं ओळख करून देत होती. शिरोळकडचाच एक पोरगा उठला. कुणी सांगितलं नव्हतं तरी हौसेनं इंग्रजीत बोलायला गेला. आय ॲम ईस्टुडंट, म्हणाला. खोली हसली. आपलीच पोरं. भिंतीवर बाबासाहेब, खाली हशा. पोरगा बसला. चहाच्या आधी निघून गेला, परत कुठल्याच बैठकीला आला नाही.

हसणाऱ्यांत मी होतो. ज्यानं ईस्कूलचा ई काढायला दोन वर्षं आणि एक कानडी दोस्त खर्ची घातला होता, तो मी. सगळ्यांत मोठ्यानं हसलो असेन. आपला ई सुटलाय हे सगळ्यांना कळायला नको?

म्हणून तुम्हाला सांगतो, मदत करायला जाऊ नका. शिकायला जा. तुमच्या वस्तीत अभ्यासिका असेल तर आतापासून दोन गोष्टी पाळा. लिहून द्यायचं नाही, तोंडानं सांगायचं. आणि ज्याला सोमवारी सांगितलं त्यानं शनिवारपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंच पाहिजे. कायमचा कच्चा कुणीही ठेवायचा नाही. चेंबूर असो, येरवडा असो की वाडी. उसवायला गाईड नसेल तर बिस्किटाचा कागद चालतो.

छावणीतल्या त्या पोरीनं संध्याकाळी मला गाठलं. हातात बिस्किटाचं वेष्टन. बारीक अक्षरांतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. इमल्सिफायर. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, वाचाय मला बी येतंय, म्हंजे काय? मी एम. ए. झालेला माणूस. मला सांगता येईना. ती म्हणाली, मग कुणाला तरी इचारून या. उद्या सांगा.

रात्री शेजारच्या वर्गात झोपलेल्या एका डॉक्टर पोरीला विचारलं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, ते एकजीव ठेवायला घालतात तो पदार्थ, म्हणाली. सकाळी मी कागदावर नीट लिहून नेलं. पोरीनं कागद हातात घेतला नाही. तोंडानं सांगा, म्हणाली. सांगितलं. बागायतदाराचा पोरगा मान हलवायला लागला. ती म्हणाली, आता परत एकदा, जरा सावकाश. मागची पोरं ऐकालीत.